न भरलेला कागद आणि दीड लाख डॉलर
अमेरिकेतील स्वयंरोजगारी डॉक्टरांच्या निवृत्ती-योजनेचा विलंब-दंड : कारणे व उपाय

वैद्यकीय व्यवसायात पगारी नोकरी करणाऱ्याच्या निवृत्तीची काळजी थोडीफार संस्था वाहते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला मात्र ती स्वतःच वाहावी लागते. हे जसे आपल्याकडे खरे आहे, तसेच अमेरिकेतही आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात कोणत्याही जुन्या मराठी घरात डोकावले, तर मुलगा, सून, पुतण्या किंवा भाची अमेरिकेत डॉक्टर असल्याचे सहज आढळते. १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्यानंतर येथील वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या अनेक पदवीधरांनी तिकडची वाट धरली. त्यांतील काही आता परत येऊन येथे स्थायिक होत आहेत, तर काहींची पुढची पिढी तिकडे स्वतंत्रपणे काम करीत आहे. अशा कुटुंबांना उपयोगी पडावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

विषय एका साध्या, दोन पानी विवरणपत्राचा आहे. ते न भरल्याने कर बुडत नाही, सरकारचा एक डॉलरही अडत नाही. तरीही त्यावरील दंड दिवसाला २५० डॉलर या गतीने वाढत जातो आणि दर विवरणपत्रामागे १,५०,००० डॉलरपर्यंत पोचतो. दिलासा एवढाच की, करविभागाची नोटीस येण्याआधी आपण स्वतःहून पुढे आलो, तर हेच प्रकरण एकूण जास्तीत जास्त १,५०० डॉलरमध्ये मिटते. या दोन आकड्यांमधील अंतर हेच या लेखाचे सार आहे.

योजना कोणती?

अमेरिकेत स्वतंत्र व्यावसायिकांना करसवलतीसह निवृत्तीसाठी बचत करण्याची मुभा १९६२ च्या एका कायद्याने मिळाली. न्यूयॉर्कचे लोकप्रतिनिधी युजीन कीओ यांनी त्यासाठी पाठपुरावा केल्यामुळे या योजना ‘कीओ प्लॅन’ म्हणून ओळखल्या गेल्या. १९७० च्या दशकात तिकडे गेलेल्या आपल्या ज्येष्ठ डॉक्टरांना हे नाव परिचयाचे असेल. पुढे २००१ च्या कर-कायद्यातील बदलांनंतर एकट्या व्यावसायिकासाठी ‘४०१(के)’ योजना फायदेशीर ठरू लागली. व्यवहारात तिला ‘सोलो ४०१(के)’ म्हणतात.

रुग्णालयात पगारावर असलेला डॉक्टर शनिवार-रविवारी अन्यत्र लोकम म्हणून काम करतो. त्या कामाचे मानधन त्याला ‘१०९९’ फॉर्मवर, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकाचे उत्पन्न म्हणून मिळते. एवढ्या उत्पन्नावरही त्याला स्वतःची सोलो ४०१(के) योजना काढता येते. अशा योजनेत तो स्वतः ‘कर्मचारी’ म्हणून रक्कम भरतो आणि स्वतःच ‘मालक’ म्हणूनही भरतो. २०२५ या वर्षासाठी कर्मचारी म्हणून भरावयाची मर्यादा २३,५०० डॉलर, तर दोन्ही मिळून मर्यादा ७०,००० डॉलर होती. पन्नाशी उलटलेल्यांना याखेरीज काही जादा रक्कम भरता येते. चांगली प्राप्ती असलेल्या डॉक्टरच्या खात्यात चार-पाच वर्षांतच अडीच लाख डॉलर जमा होणे त्यामुळे मुळीच अवघड नाही. आपल्या विषयाची सुरुवात येथूनच होते.

फॉर्म ५५००-ईझेड कोणी भरावयाचा?

ज्या योजनेत केवळ मालक, किंवा मालक व त्याची पत्नी अथवा पती, किंवा भागीदार व त्यांचे जोडीदार एवढेच सभासद आहेत, तिला ‘एक-सभासद योजना’ म्हणतात. अशा योजनेचे वार्षिक विवरणपत्र म्हणजे फॉर्म ५५००-ईझेड. तो भरण्याचे बंधन दोन प्रसंगी येते.

पहिला प्रसंग : योजनावर्षाच्या अखेरच्या दिवशी योजनेतील एकूण मालमत्ता २,५०,००० डॉलरपेक्षा अधिक असणे. एकाच व्यवसायाच्या दोन योजना असतील तर दोन्हींची बेरीज पाहिली जाते. २००७ पूर्वी ही मर्यादा १,००,००० डॉलर होती.

दुसरा प्रसंग : योजना बंद करणे. त्या अखेरच्या वर्षी मालमत्ता कितीही अल्प असली तरी अंतिम विवरणपत्र भरावेच लागते.

मुदत योजनावर्ष संपल्यानंतरच्या सातव्या महिन्याच्या अखेरीस संपते. कॅलेंडर वर्षावर चालणाऱ्या योजनेसाठी ती ३१ जुलै होय. फॉर्म ५५५८ मुदतीपूर्वी पाठविल्यास १५ ऑक्टोबरपर्यंत वाढ मिळते. ‘सेप’ व ‘सिंपल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोप्या निवृत्ती-खात्यांना हे विवरणपत्र लागू नाही. ज्यांचे केवळ तसलेच खाते आहे, त्यांनी निश्चिंत असावे.

एक सावधगिरी येथे नोंदवणे आवश्यक आहे. दवाखान्यात एखादा पात्र नोकर लागला आणि तो योजनेत आला, की ती ‘एक-सभासद’ योजना राहत नाही. तेव्हा निराळे विवरणपत्र, निराळा दंड आणि अमेरिकन कामगार विभागाची निराळी सवलत-योजना लागू होते. पुढील विवेचन त्या प्रकाराला लागू पडत नाही.

चूक नेमकी कुठे होते?

उच्च रक्तदाबाचा रुग्ण आपल्याला काही होत नाही म्हणून तपासणीला येत नाही, हे आपण रोज पाहतो. या प्रकरणाची प्रकृतीही तशीच आहे. वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण दिसत नाही. अनुभवास येणारी कारणे साधारण चार आहेत.

एक, ‘माझा हिशेबनीस सर्व काही पाहतो’ हा समज. हिशेबनीस वैयक्तिक आयकराचे विवरणपत्र भरतो, त्यात योजनेत भरलेल्या रकमेची वजावटही घेतो. परंतु ५५००-ईझेड हे योजनेचे विवरणपत्र आहे, व्यक्तीचे नव्हे. त्याचे काम स्वतंत्रपणे सोपविले नसेल तर ते त्याच्या यादीत नसतेच. खाते ज्या दलाली-संस्थेत आहे, तीही सर्वसाधारणपणे ते भरीत नाही. योजनेचा प्रशासक म्हणून जबाबदारी डॉक्टरचीच असते.

दोन, मर्यादा नकळत ओलांडली जाणे. एखाद्याने आजवर दोन लाख डॉलरच भरले असतील आणि पुढे भरणे थांबविलेही असेल. पण शेअर बाजार वधारला आणि ३१ डिसेंबरला खात्याचे मूल्य २,५५,००० डॉलर झाले, तर बंधन लागू झाले. येथे भरलेली रक्कम पाहिली जात नाही, त्या दिवसाचे मूल्य पाहिले जाते.

तीन, योजना बंद करताना अंतिम विवरणपत्र विसरणे. भारतात परतणाऱ्या किंवा स्वतंत्र काम सोडून नोकरी पत्करणाऱ्या डॉक्टरांकडून हे विशेषेकरून घडते. ते सर्व रक्कम वैयक्तिक निवृत्ती-खात्यात, म्हणजे ‘आयआरए’मध्ये वळवितात आणि काम संपले असे मानतात. वस्तुतः शेवटचा डॉलर ज्या दिवशी बाहेर पडतो, त्या दिवशी योजनावर्ष संपते आणि तेथून मुदत मोजली जाते. मार्चमध्ये सर्व रक्कम वळविली असेल तर अंतिम विवरणपत्राची मुदत त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला संपते. पुढच्या जुलैपर्यंत थांबण्यास वाव नाही.

चार, आपल्याकडील सवय. भारतात आयकराचे विवरणपत्र उशिरा भरल्याबद्दलचे विलंब-शुल्क जास्तीत जास्त ५,००० रुपये आहे. ज्याच्या मनात उशिराची किंमत एवढीच ठसलेली आहे, त्याला केवळ माहिती देणाऱ्या कागदासाठी लाखो डॉलरचा दंड असू शकतो, अशी शंकाही येत नाही.

दंडाचे गणित

पूर्वी हा दंड दिवसाला २५ डॉलर व कमाल १५,००० डॉलर होता. डिसेंबर २०१९ मध्ये संमत झालेल्या ‘सिक्युअर’ कायद्याने तो एकदम दहापट केला. ३१ डिसेंबर २०१९ नंतर ज्यांची मुदत येते, अशा विवरणपत्रांसाठी दिवसाला २५० डॉलर व प्रत्येक विवरणपत्रामागे कमाल १,५०,००० डॉलर हा दर आहे. सहाशे दिवसांत, म्हणजे सुमारे वीस महिन्यांत, कमाल मर्यादा गाठली जाते.

समजा, एका भूलतज्ज्ञ डॉक्टरच्या योजनेने २०१९ च्या अखेरीस अडीच लाखांची मर्यादा ओलांडली. २०१९, २०२०, २०२१ व २०२२ या चार वर्षांची विवरणपत्रे भरली गेली नाहीत. २०२३ पासून नवा हिशेबनीस आला आणि त्याने पुढील विवरणपत्रे वेळेवर भरली, परंतु मागील चार तशीच राहिली. चारही विवरणपत्रांना सहाशे दिवस केव्हाच उलटून गेले आहेत. तेव्हा कायद्याप्रमाणे संभाव्य दंड चार गुणिले १,५०,००० म्हणजे ६,००,००० डॉलर होतो. योजनेत असलेल्या रकमेपेक्षाही तो अधिक असू शकतो.

हाच डॉक्टर सवलत-योजनेखाली आधी पोचला, तर शुल्क दर विवरणपत्रामागे ५०० डॉलर. चारांचे २,००० होतात, परंतु एका योजनेसाठी कमाल १,५०० डॉलर असल्याने त्याला एकंदर १,५०० डॉलरच भरावे लागतील.

सवलत-योजना आणि तिची कार्यपद्धती

अमेरिकन महसूल विभागाने, म्हणजे आयआरएसने, जून २०१४ पासून एक वर्षासाठी ही सवलत प्रायोगिक तत्त्वावर दिली होती. तिचा उपयोग लक्षात आल्यावर ‘रेव्हेन्यू प्रोसिजर २०१५-३२’ या आदेशाने ती जून २०१५ पासून कायम करण्यात आली. लहान मालकांना भीतीपोटी लपून बसण्याऐवजी पुढे येण्याचे कारण मिळावे, हा तिचा उद्देश. तिचा लाभ घेण्याची पद्धत अशी :

१. प्रथम दर वर्षाच्या ३१ डिसेंबरचे खाते-उतारे मिळवावेत. कोणत्या वर्षी मूल्य मर्यादेच्या वर होते, याची यादी करावी. एखाद्या वर्षी मूल्य मर्यादेखाली घसरले असेल व योजना चालू असेल, तर त्या वर्षाचे विवरणपत्र लागत नाही.

२. प्रत्येक राहिलेल्या वर्षासाठी त्या त्या वर्षाचा फॉर्म ५५००-ईझेड भरावा. योजनेचे नाव, मालकाचा ईआयएन क्रमांक, वर्षारंभीची व वर्षाअखेरची मालमत्ता आणि त्या वर्षी भरलेली रक्कम ही मुख्य माहिती असते. येथे वैयक्तिक सोशल सिक्युरिटी क्रमांक चालत नाही, ईआयएनच लागतो. एका वर्षाचा अखेरचा आकडा पुढील वर्षाच्या आरंभीच्या आकड्याशी जुळला पाहिजे.

३. फॉर्मवर सवलत-योजनेसाठी चौकोन दिलेला असेल तर तेथे खूण करावी. ज्या वर्षाच्या फॉर्मवर तसा चौकोन नाही, त्याच्या पहिल्या पानाच्या माथ्यावर सूचनांत दिलेले वाक्य लाल अक्षरांत लिहावे. हे विवरणपत्र २०१५-३२ या आदेशाखाली विलंबाने सादर होत आहे, असा त्या वाक्याचा आशय असतो.

४. फॉर्म १४७०४ हे सोबतचे पत्रक भरून सर्वांत जुन्या विवरणपत्राच्या वर जोडावे. एका योजनेची सर्व राहिलेली विवरणपत्रे एकाच पाकिटात पाठवावीत. दोन योजना असतील तर दोन पाकिटे व दोन शुल्के.

५. ‘युनायटेड स्टेट्स ट्रेझरी’च्या नावे शुल्काचा धनादेश जोडावा. शुल्क पुढे पाठवू असे म्हणून भागत नाही.

६. सर्व कागद स्वाक्षरी व दिनांक घालून टपालाने पाठवावेत. वेळेवरचे विवरणपत्र संगणकाद्वारे पाठविता येते, परंतु या सवलतीसाठी कागदी प्रतच लागते. उत्साहाच्या भरात आधी संगणकावरून मागील विवरणपत्रे पाठवून देणे, ही येथे घडणारी महागडी चूक होय. ती पाठविल्याने विलंब उघड होतो आणि सवलत मात्र मिळत नाही. पत्ता चालू सूचनांतून पाहून घ्यावा व पोच मिळेल अशा सेवेनेच पाकीट पाठवावे.

७. संपूर्ण संचाची प्रत व पोचपावती जपून ठेवावी. नजरचुकीने पुढे दंडाची नोटीस आलीच, तर तेच आपले औषध.

हे सर्व काम जाणकार हिशेबनीस काही दिवसांत करू शकतो. डॉक्टर भारतात असल्यास त्याने फॉर्म २८४८ द्वारे तिकडील प्रतिनिधीला अधिकारपत्र द्यावे, म्हणजे पुढील पत्रव्यवहार अडत नाही.

नोटीस आधीच आली असेल तर?

आयआरएसने दंड आकारल्याची ‘सीपी २८३’ नोटीस एकदा हाती पडली, की त्या विवरणपत्रासाठी वरील सवलतीचे दार बंद होते. म्हणूनच ‘पाहू पुढे’ हे धोरण येथे घातक आहे.

तरीही मार्ग पूर्णपणे खुंटत नाही. विलंबास वाजवी कारण होते, असे लेखी निवेदन देऊन दंड रद्द करण्याची विनंती करता येते. गंभीर आजार, निकटच्या आप्ताचा मृत्यू, आगीत किंवा नैसर्गिक आपत्तीत कागदपत्रे नष्ट होणे अशी कारणे विचारात घेतली जातात. त्यांचे पुरावे मात्र जोडावे लागतात : रुग्णालयाची कागदपत्रे, मृत्यूचा दाखला, आपत्तीची नोंद. आजाराच्या तारखा आणि मुदतीची तारीख यांचा मेळ बसला पाहिजे. अडचण दूर झाल्यावर आपण किती तत्परतेने विवरणपत्र भरले, हेही पाहिले जाते.

‘मला ठाऊक नव्हते’ किंवा ‘कामाचा व्याप फार होता’ एवढ्यावर सहसा भागत नाही. ‘हिशेबनिसावर विसंबलो’ हे कारणही फारसे टिकत नाही. १९८५ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध बॉइल’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिले आहे. कर लागू होतो की नाही अशा प्रश्नावर तज्ज्ञाच्या सल्ल्यावर विसंबणे वाजवी ठरू शकते. परंतु विवरणपत्र मुदतीत पोचविण्याचे कर्तव्य मात्र दुसऱ्यावर सोपवून मोकळे होता येत नाही. त्या खटल्यात वकिलाकडून वारसा-कराचे विवरणपत्र सुमारे तीन महिने उशिरा गेले होते.

नोटिशीत उत्तरासाठी दिलेली तारीख कदापि चुकवू नये. नोटीस जुन्या अमेरिकन पत्त्यावर पडून राहणे, हा परतलेल्या डॉक्टरांच्या बाबतीतला नेहमीचा प्रकार आहे. पत्ता बदलल्याचे आयआरएसला फॉर्म ८८२२ द्वारे, व व्यवसायाच्या ईआयएनसाठी ८८२२-बी द्वारे कळवावे.

भारतात परतलेल्यांसाठी

येथे स्थायिक झालेल्या डॉक्टरांना दोन्ही देशांचे कागद सांभाळावे लागतात. परतल्यानंतरची साधारण दोन-तीन वर्षे आयकराच्या दृष्टीने ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नसलेला’ असा दर्जा मिळू शकतो. तो संपून पूर्ण निवासी झाल्यावर परदेशातील खात्यांची माहिती भारतीय विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात द्यावीच लागते. ती न दिल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर वगळता एकूण २० लाख रुपयांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट देण्यात आली आहे. परंतु ५५००-ईझेडची मर्यादा ओलांडणारे खाते या सुटीत बसणे शक्य नाही.

अमेरिकेत निवृत्ती-खात्यातील वाढीवर कर रक्कम काढतेवेळी लागतो, तर भारतात तो दरवर्षी लागू शकतो. या विसंगतीवर २०२१ च्या वित्त कायद्याने कलम ८९-अ आणले. त्यानुसार अमेरिका, ब्रिटन व कॅनडा येथील निवृत्ती-खात्यांसाठी फॉर्म १०-ईई भरून कर रक्कम काढण्याच्या वर्षावर नेता येतो. हा फॉर्म भारतीय विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी भरावा लागतो आणि एकदा निवडलेला पर्याय मागे घेता येत नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात (अंमल १ एप्रिल २०२६ पासून) कलमे व फॉर्म यांचे क्रमांक बदललेले आहेत. तेव्हा ते आपल्या सनदी लेखापालाकडून ताडून घ्यावेत.

थोडक्यात

अमेरिकेतील आपल्या मुलांना किंवा आप्तांना दर जानेवारीत दूरध्वनीवर तीनच प्रश्न विचारावेत. तुझी स्वतंत्र व्यवसायाची निवृत्ती-योजना आहे का? ३१ डिसेंबरला तिच्यात किती रक्कम होती? तिचे विवरणपत्र भरण्याचे काम कोणाकडे, नेमक्या शब्दांत, सोपविले आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘तो बघतोच की’ असे आले, तर तेथेच थांबून चौकशी करावी. जुनी योजना बंद केलेली असेल, तर अंतिम विवरणपत्राची प्रत दाखविण्यास सांगावे.

मागील काही राहिले आहे असे आढळल्यास घाबरून गप्प राहू नये आणि घाईने चुकीच्या मार्गाने भरूही नये. नोटीस येण्यापूर्वी, योग्य पत्रकासह, एकाच पाकिटात सर्व पाठवावे. आपण रुग्णाला सांगतो की रोग लवकर कळला तर उपचार स्वस्त आणि सोपा असतो. तोच सल्ला या बाबतीत आपल्या घरीही द्यावयाचा आहे.

(सदर लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. दर व मर्यादा वेळोवेळी बदलतात. प्रत्यक्ष निर्णयापूर्वी दोन्ही देशांतील जाणकार सल्लागारांचे मत अवश्य घ्यावे.)